डल्सीमावशी आणि तिचा सार्जंट

शहरातून वाळवंटातल्या आमच्या आदिवासी वस्तीत येणाऱ्या माणसांना आमचे आकडे तोंडपाठ असतात. जिवाला अपाय करून घेणारी पोरं वाळवंटात किती, शहरात किती. डल्सीमावशीचं नाव मात्र त्यांना दरवेळी नव्यानं विचारावं लागतं. म्हणून मीच सांगते.

मावशी दवाखान्यात आली ती फरशी पुसायला. लवकरच तिच्या लक्षात आलं, की आमची माणसं नर्सपुढे गप्प बसतात आणि बाहेर पडताना तिच्या बादलीपाशी थांबून सगळं सांगतात. मग तिनं परीक्षा दिली, दवाखान्याचा निळा शर्ट मिळवला आणि मनानं खचलेल्यांची जबाबदारी अंगावर घेतली. मनाचा डॉक्टर विमानानं येतो, तीन आठवड्यांतून एकदा, तेही धूळ नसली तर. मधले वीस दिवस मावशी. मी दवाखान्याची गाडी चालवते, त्यामुळे हे सगळं जवळून पाहिलंय.

एका वर्षी वस्तीतल्या लिंडसेचा थोरला भाऊ गेला. दफन झालं आणि लिंडसेनं जेवण सोडलं. एका सकाळी तो चुलत्याला म्हणाला, "मलाही आता राहायचं नाही." डॉक्टर यायला आठ दिवस होते. मदतीच्या फोनवरच्या बाईशी तो बोलेना.

नर्स हेलन नवीन होती. ती म्हणाली, "डल्सी, तू जा ना. तुझ्याशी सगळे बोलतात."

"तो माझा जावई आहे," मावशी म्हणाली.

"मग तर बरंच झालं!"

मी कपाळावर हात मारला. आमच्यात सासू-जावई एकमेकांशी बोलत नाहीत, एका गाडीत बसत नाहीत, नजरेला नजर देत नाहीत. हे भांडण नव्हे, मान आहे. अख्ख्या वस्तीत हे काम येणारी एकच बाई, आणि नेमकं तिचंच तोंड बांधलेलं.

"एकदा रीत मोडली तर?" हेलननं विचारलं.

"भाऊ गेला त्याचा. आता सासूनं रीतही मोडली तर त्याच्यापाशी उरेल काय, बाई?"

दुपारी मावशीनं कांगारूची शेपटी भाजली, आपला म्हातारा कुत्रा सार्जंट बरोबर घेतला आणि लिंडसेच्या कुंपणाबाहेर, तो होता त्या ओसरीकडे पाठ करून बसली. मी तिच्या समोर, जरा लांब, गाडीत. शेपटी तिनं लिंडसेसाठी कुंपणावर ठेवली.

"सार्जंट, जीभ आत घे. ते तुझं नाही." मग मोठ्यानं म्हणाली, "काय रे, मरायचे विचार येतायत का तुझ्या मनात?"

सार्जंटनं कान खाजवला.

"येत असतील तर सांग. मी रागवणार नाही. लाजायचं काय त्यात? भाऊ गेल्यावर छाती फुटतेच. पण माझी लेक आत रडतेय, सार्जंट. तू हवायस आम्हाला."

लेकी बोले सुने लागे, तशातली गत. तासभर गेला. मावशी जागची हलली नाही.

मग लिंडसेनं शीळ घातली. सार्जंट कुंपणाखालून आत घुसला. त्याच्या मानेत हात घालून लिंडसे म्हणाला, "सार्जंट, तिला सांग, रोज येतात. सकाळी जास्त."

मावशीची पाठ ताठच राहिली. डोळे मात्र मला समोरून दिसले.

दुसऱ्या दिवसापासून ती सकाळीच जाऊ लागली. चुलते त्याच्याच अंगणात अंथरूण टाकून निजू लागले. विमान आलं तेव्हा लिंडसे आपल्या पायांनी डॉक्टरकडे गेला.

"याला बोलतं कसं केलंत?" डॉक्टरनं मावशीला विचारलं.

"मी? मी त्याच्याशी आजवर अवाक्षर बोललेली नाही," मावशी म्हणाली, आणि निळ्या शर्टाची कॉलर नीट केली. माझी मावशी आहे ती, मला मिरवावंसं वाटलं तर नवल काय?

याला सहा वर्षं झाली. वाईट दिवस लिंडसेला अजूनही येतात. तेव्हा तो स्वतःहून दवाखान्यात येतो. एरवी दुकानापाशी मावशी समोरून आली की तो कडेवरची पोर सावरून चटकन पाठ फिरवतो. मावशीही खाली बघत पुढे जाते. गाडीत बसल्यावर मात्र मला हळूच विचारते, "अंगानं भरलाय का गं?"

"भरलाय, मावशी. शर्ट तंग होतोय त्याला."