केसभर खोल

त्याला सगळे केसभर म्हणत. तीस वर्षं तो गाड्यांचे फक्त डिफरन्शियल बांधत आला होता. मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोंबणारा तो लोखंडी गोळा, ज्याच्याकडे गाडीचा मालक जन्मात कधी वाकून बघत नाही. इंजिनवाल्यांना तो ‘माडीवरची मंडळी’ म्हणायचा.

त्या गोळ्यात एक मोठं दातेरी चाक असतं आणि त्याला फिरवणारा लहान पिनियन. पिनियन किती आत बसणार हे त्याच्यामागे घातलेल्या पातळ पोलादी चकतीवर, शिमवर ठरतं. शिम जरा जाड झाली की दात एकमेकांत जास्त रुततात आणि गाडी बारीक आवाजात रडायला लागते. “केसभर खोल आहे,” असं म्हणून तो ती पुन्हा खोलायचा. भिंतीवरचा आरसा, बायकोचा भांग, सगळं त्याला केसभर इकडे किंवा तिकडे दिसायचं.

व्याह्यांच्या गाडीचा गोळा त्याने हौसेने बांधून दिला. मुलीच्या सासरचं काम, नाव ठेवायला जागा नको. आठवड्याने मुलीचा फोन आला.

“बाबा, गाडी वाजतेय.”

“शक्य नाही. मी स्वतः चालवून बघितलीय.”

“सासरे रोज जेवताना तो आवाज काढून दाखवतात. सासूबाई ताट उचलून आत जातात. मी कुठे जाऊ?”

त्याने गाडी आणवली आणि गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर साठने पळवली. आवाज नाही. इतकी शांतता की आपण मेलोबिलो की काय, असं त्याला वाटून गेलं. पंच म्हणून त्याने बायकोला मागच्या सीटवर बसवलं, बरोबर त्या गोळ्याच्या वर. ती मटार सोलत बसली.

“काही ऐकू येतंय?”

“हो. तुमचे व्याही. हुबेहूब.”

“मग मला कसं येत नाही?”

“तुमच्या घड्याळाचा गजर रोज कोण बंद करतं?”

“तो आपोआप होतो ना.”

“दोन वर्षं झाली, ते आपोआप म्हणजे मी.”

त्याने गाडी बाजूला घेतली. बांधताना दातांना पिवळा लेप लावून त्याने चाक फिरवलं होतं, तेव्हा लेप दाताच्या मधोमध पुसला जायला हवा होता. तो मुळाशी पुसला गेला होता. हे त्याने पाहिलं होतं. पण नंतर रस्त्यावर कानाने ‘ठीक’ म्हटलं आणि त्याने डोळ्याला गप्प बसवलं. तीस वर्षं त्याच कानाच्या जिवावर तो जगाला केसभर चूक ठरवत आला होता.

“व्याह्यांना सांगू नकोस,” तो म्हणाला.

“मी कशाला सांगू?” बायको म्हणाली. मटार सोलणं थांबलं नाही.

त्याने सगळं पुन्हा खोललं. जुन्याहून पातळ शिम घातली. आता नट आवळायचा. आतली एक नळी नटाच्या दाबाने चेपत जाते आणि बेअरिंगला हवा तेवढा ताण देते. पिनियन हाताने फिरवला तर तो किंचित कुरकुरत फिरला पाहिजे, इतकाच. ताण जास्त झाला तर नट सैल करून भागत नाही. एकदा चेपलेली नळी परत फुगत नाही. पिनियनला दोरी गुंडाळून, तिला ताणकाटा लावून तो ओढायचा आणि आकडा बघायचा. या खेपेला रागाच्या भरात त्याने पाना एक झटका जास्त मारला. आकडा दुपटीवर गेला.

नळी कचऱ्यात गेली. दुसरी नळी त्याने आजाऱ्याला चमच्याने पाणी पाजावं तशी आवळली. आकडा जमला. लेपही मधोमध पुसला गेला. बायकोने मागच्या सीटवरून सांगितलं, “गेले व्याही.”

गाडी न्यायला व्याही स्वतः आले. ते चालवत होते, तो शेजारी. तीन मैलांत व्याह्यांनी दोनदा श्वास रोखून ऐकलं.

“गेला बुवा आवाज. चूक कशात होती? माल खराब लागला का?”

उत्तर आयतं तोंडाशी आलं होतं. ‘हो’ एवढंच म्हणायचं होतं, आणि घरी मुलीचं ताटही शांत झालं असतं. पण त्या शिमने काही गुन्हा केला नव्हता.

“कान,” तो म्हणाला.

“कुठला भाग तो?”

“माझा कान. बारीक आवाज ऐकू येत नाही मला. दोन वर्षं झाली.”

व्याह्यांनी गाडी हळू केली आणि त्याच्याकडे फार मायेने पाहिलं. मग त्याच्या कानाशी तोंड नेऊन ते सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “अहो, मग आधी सांगायचं की!”

बाकी सगळं नीट ऐकू येतं, हे त्याने त्यांना सांगून पाहिलं. तेव्हापासून घरी आले की ते दारातूनच ओरडायला सुरुवात करतात. मुलगी म्हणते, जेवताना आता सासरे तुमच्याशी कसं बोलायचं, त्याची तालीम करतात. सासूबाई अजून आतच जेवतात.