कॅपिटल एम

मॉर्वेना ट्रेगिअरने चार वर्षं शून्याच्या आसपास काढली. खरोखरच, अतिथंड हेलियमच्या प्रयोगशाळेत. पाचव्या वर्षी एका मंगळवारी तिच्या लक्षात आलं, की प्रयोग जमला काय नि फसला काय, आपल्याला काहीच वाटत नाही. तिने पीएचडी सोडली आणि ब्रिस्टलमधल्या एका भौतिकशास्त्राच्या मासिकात उपसंपादक म्हणून लागली. सहा महिने परीक्षेचे. मग नोकरी कायम, नाहीतर कॉर्नवॉलला आईकडे, जिथे चहाबरोबर 'मग आता पुढे काय?' हेही वाढलं जाई.

संपादक डेस्मंड पिकरिंग साठीचे, कोपरावर ठिगळं लावलेल्या स्वेटरातले. एका स्वल्पविरामापायी सख्ख्या भावाशी अबोला धरतील असे. त्यांचा लाडका नियम: मथळा संपूर्ण कॅपिटल अक्षरांत.

पाचव्या महिन्यात तिच्याकडे नेमका तिच्याच जुन्या मार्गदर्शक बाईंचा, प्रोफेसर ऑड्री क्लेगहॉर्न यांचा लेख आला. दोन मिलिकेल्विन, म्हणजे निरपेक्ष शून्याला जवळजवळ टेकलेली थंडी गाठल्याचा. मॉर्वेनाने नियमाप्रमाणे मथळा कॅपिटल केला. त्यातलं 'mK' झालं 'MK'. 'मिलि'चा, म्हणजे हजाराव्या भागाचा, एम लहान असतो. तो मोठा केला की 'मेगा', म्हणजे दहा लाख, होतो. अंक छापून आला आणि बाईंची गारठलेली प्रयोगशाळा सूर्याच्या पृष्ठभागाहून शेकडो पट तापली.

सोमवारी सकाळीच फोन.

"अगं मॉर्वेना, माझी प्रयोगशाळा वितळली का?"

"मथळ्यात वितळली, प्रोफेसर. लेखात शाबूत आहे."

"बावीस वर्षं उष्णता हाकलतेय मी. तू एका अक्षरात परत आणलीस, बाई!"

फोन ठेवून मॉर्वेना लाज वाटण्याची वाट बघत बसली. ती काही आली नाही. डेस्मंड मात्र दोन कप चहा घेऊन आले.

"नियम माझा, म्हणून निम्मी चूक माझी. पण तुला तरी दिसायला हवं होतं."

"दिसलं होतं," ती म्हणाली. "नियम आहे म्हणून सोडून दिलं."

डेस्मंडचा कप ओठाशीच थांबला. "शुक्रवारी तुझे सहा महिने भरतायत. मग नोकरी कायम करण्याच्या कागदावर मी काय लिहू?"

तिने टेबलावरचा अंक त्यांच्याकडे सरकवला.

"जेवणाच्या सुट्टीआधी दुरुस्तीची चौकट लिहून आण. ती वाचून ठरवतो."

तिने लिहिलं: 'गेल्या अंकातल्या एका मथळ्यात आम्ही प्रोफेसर क्लेगहॉर्न यांची प्रयोगशाळा एक अब्जपट तापवली. क्षमस्व. त्या थंडीत मी चार वर्षं काम केलं आहे. तिथे हेलियमच्या कणांची हालचाल थांबल्यासारखी वाटते. ती पूर्ण कधीच थांबत नाही.'

डेस्मंडनी पेन्सिल उचलली. दोनदा वाचलं.

"आपल्या मासिकात 'मी' चालत नाही."

"मग ते वाक्य काढते."

"थांब गं! नियम पाळून एकदा भाजून घेतलंय आपण." त्यांनी पेन्सिल कानावर खोचली. "राहू दे. शुक्रवारी सहीला ये, आणि नोकरी कायम झाली म्हणून आईला कळव."

ती जागेवर येऊन बसली. आत कुठेतरी किंचित काहीतरी हललं. चहा असेल, असं म्हणून तिने पुढचा लेख उघडला आणि आधी मथळा तपासला.