थंड झाल्याशिवाय कव्हर नाही

गाडी गेली, कव्हर राहिलं. घेणाऱ्याने नको म्हटलं, त्याच्याकडे बंद गॅरेज आहे म्हणे. असेल बाबा. आमच्याकडे चिंचपोकळीत दोन चाळींच्या मधली उघडी जागा, डोक्यावर पिंपळ आणि पिंपळावर कावळे. कव्हरावाचून गाडी एक दिवस धड राहिली नसती. आता ते माळ्यावर टाकलंय. दोन्ही टोकांना इलॅस्टिक असल्यामुळे घडी नीट बसत नाही.

गाडी दादाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची. त्याचं लग्न राहिलं, मग माझं राहिलं, आणि आईबाबा गेल्यावर त्या एका खोलीत आम्ही दोघंच उरलो. तो गोदीत फिटर, मी पालिकेच्या शाळेत बाई. निवृत्त झाल्यावर त्याने एक जुनी छोटी गाडी घेतली. मी विचारलं, "कशाला रे?" म्हणाला, "हवी होती." आयुष्यात पहिल्यांदा या माणसाला काहीतरी हवं होतं, म्हणून मी तोंड बंद ठेवलं. जायचो कुठे त्या गाडीने? शिमग्याला गावी, आणि रविवारी मासे आणायला. बाजार चालत सात मिनिटांवर. गाडीने जाऊन जागा शोधून परत येईपर्यंत पाऊण तास. पापलेट ताजं घेतलेलं असायचं, घरी येताना त्याचं तोंड उतरलेलं.

कव्हर त्याने ऑपेरा हाऊसकडच्या गाड्यांच्या सामानाच्या बाजारातून आणलं, राखाडी, चंदेरी झाक असलेलं. ते घालणं एकट्याचं काम नाही. तो पुढून, मी मागून. पुढचं कुठलं, मागचं कुठलं हे कळायचं नाही. पहिल्या आठवड्यात तीनदा उलटं घातलं आणि तिन्ही वेळा खापर माझ्यावर. मग मी माझ्या जुन्या परकराचा लाल तुकडा पुढच्या टोकाला शिवून टाकला. तरी ओरडायचा तो ओरडायचाच. "खेचू नको गो! फाटात मगे!" वरून गॅलरीतून सगळी चाळ ऐकायची.

आणि त्याचा एक नियम होता. गाडी गरम असताना कव्हर घालायचं नाही. पहिल्याच महिन्यात घाईघाईने घातलं, तर मागे सायलेन्सरपाशी भोक पडलं. घातलं त्याने, जाळलं त्याने, आणि नियम मला. ते भोकही मीच जुन्या छत्रीच्या कापडाने बुजवलं. तेव्हापासून गाडी लावली की बॉनेटवर उलटा हात ठेवायचा, पोराचा ताप बघतात तसा. गरम असेल तर थांबायचं. पिंपळाच्या कट्ट्यावर अर्धा तास तरी बसायचं, मग तो म्हणायचा, "बघ गो, थंड झाली?" मी हात लावायची. "झाली." "मग आता कव्हर घालायला हरकत नाही."

खरं सांगायचं तर आमचं जे काय बोलणं व्हायचं ते त्या अर्ध्या तासात. खोलीत तो पेपरात, मी टीव्हीत. कट्ट्यावर मात्र बोलायचो. कोण गेलं, कुणाच्या घरी काय शिजलं, समोर मिलच्या जागेवर टॉवरचा कितवा मजला चढला. गाडी कुठे नेली नाही तरी दोन-चार दिवसांनी संध्याकाळी तो उगाच एक चक्कर मारून यायचा. बॅटरीसाठी, म्हणायचा. मला तेव्हा खरं वाटायचं.

थंडीच्या दिवसांत एका सकाळी तो उठला नाही. पाचला उठणारा माणूस. साडेसहा झाले तरी पडून. मी चहा घेऊन गेले. "दादा, ऊठ रे." उठला नाही. मी त्याच्या कपाळाला हात लावला. उलटा हात.

थंड होतं.

आता लिहिते ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या मनात पहिलं वाक्य काय आलं, तर, आता कव्हर घालायला हरकत नाही. शप्पथ. भाऊ समोर मरून पडलाय आणि बहिणीच्या डोक्यात हे. चादर त्याच्या पायाशी गोळा झाली होती. ती मी वर ओढली, छातीपर्यंत. इकडून तिकडून सारखी केली. मग चहाचा कप ओट्यावर ठेवला आणि शेजारच्या वहिनींना हाक मारली.

मी रडले नाही. बायका जमल्या, माझ्या तोंडाकडे बघत बसल्या. वहिनी पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "रड गो, मोकळी हो." मी म्हटलं, "चहा कोणाकोणाला?" त्या दिवशी सोळा कप चहा केला मी. तेराव्याला गावाहून माणसं आली, रडली, जेवली, गेली. मी वाढत होते. दगड म्हणाले असतील मला पाठीमागे. म्हणू देत. मला स्वतःलाच तसं वाटत होतं, आणि त्याचंही काही वाटत नव्हतं. डॉक्टरांनी दात काढायच्या आधी सुई दिली की गालाला हात लावावा आणि गाल दुसऱ्याचा असावा, तसे ते दिवस.

गाडी मात्र मी सोडली नाही. मला चालवता येत नाही. पण रोज सकाळी कव्हर काढायची, टॉवरच्या सिमेंटची धूळ झटकायची, काच पुसायची. संध्याकाळी पुन्हा घालायची. एकटीने. आधी पुढचं टोक अडकवायचं, मग मागे धावत जाऊन ओढायचं, तोवर पुढचं सुटायचं. आणि घालायच्या आधी बॉनेटला उलटा हात. दिवसभर जागची न हललेली गाडी, ती गरम कशाला असणार? तरी हात लावायची. थंड. मग कव्हर. असे पाच महिने.

आमच्या मधल्या बहिणीची मुलगी दादरला राहते. बहीण नाही आता, ही भाची तेवढी आहे. तोंडाने फटकळ, माझ्यावर गेलीय. ती एका रविवारी आली आणि म्हणाली, "मावशी, ही सडतेय गाडी. कव्हराखाली ठेवलं म्हणजे टिकतं असं नाही. एक तर कुणीतरी चालवा, नाहीतर विका." तळमजल्यावरच्या टॅक्सीवाल्या काकांनाही ती जागा हवी होती. बिचारे बोलत नव्हते, पण रोज जागेकडे बघायचे. मी म्हटलं, "वीक." तिने दोनदा विचारलं, "नक्की ना?" मी म्हटलं, "वीक म्हटलं ना!" भाजीवाल्याला पिशवी नको म्हणावं तितकंच वाटलं मला.

तिने माणूस शोधला. तो सोमवारी सकाळी येणार म्हणून ती रविवारी दुपारीच आली, तर गाडी सुरूच होईना. बॅटरी पार बसलेली. काकांनी टॅक्सी जवळ लावली, वायरी जोडल्या, चार वेळा कण्हून पाचव्यांदा गाडी सुरू झाली. काका म्हणाले, "आता बंद करू नका. तासभर फिरवा, मगच बॅटरी धरेल." भाची म्हणाली, "चल मावशी, दादरपर्यंत जाऊन येऊ." मी नाही म्हटलं. जागा कोण सांभाळणार? आमच्याकडे जागा दहा मिनिटं रिकामी दिसली की गेली. मी घरातली खुर्ची आणून मधोमध टाकली आणि कव्हर मांडीवर घेऊन बसले. वरून वहिनींनी विचारलं, "काय हो बाई, गाडी विकून खुर्ची घेतलीत?" सगळी गॅलरी हसली. मीही हसले थोडी.

तासाभराने गाडी वळणावरून आत आली. मी खुर्ची उचलली. भाचीने झोकात लावली, उतरली आणि कव्हराचं एक टोक धरून म्हणाली, "घालून टाकू या. उद्या तो येईपर्यंत धूळ नको." ती पुढे उभी राहिली, दादा राहायचा तिथे. लाल तुकड्याचं टोक तिच्या हातात.

मी म्हटलं, "थांब. आधी हात लावून बघायचा." आणि सवयीने बॉनेटवर उलटा हात ठेवला.

गरम होतं. चांगलं गरम. पाच महिन्यांत पहिल्यांदा. माझा हात तिथून निघेना. "मावशी, भाजेल!" ती म्हणाली. भाजत होतंच. मी हात सुलटा केला आणि तळवा सपाट ठेवला.

"गरम असताना घालायचं नाही," मी सांगितलं. "थांबायचं असतं." तिला घेऊन कट्ट्यावर बसले. तिच्या मामाने कव्हर जाळलं तो किस्सा सांगितला. मग उलट्या कव्हराचा, परकराचा. ती खो खो हसली. मी बोलतच होते. किती महिन्यांत कुणाशी एवढी बोलले नव्हते. टॉवरचा कितवा मजला चढलाय तेही दाखवलं तिला. अंधारून आलं, गॅलरीत दिवे लागले.

मग ती उठली. तिने बॉनेटला हात लावला. मी लावते तसाच, उलटा. बघून शिकली असेल.

"थंड झाली, मावशी. आता घालू या ना कव्हर?"

ती टोक धरून उभी होती. मला उठताच येईना. त्या सकाळी चादर ओढताना जे तोंडातून निघायला हवं होतं ते आत्ता निघालं, आणि ते म्हणता म्हणता मी हमसून हमसून रडायला लागले. वरची सगळी गॅलरी बघत होती.

"नको गो," मी म्हणत होते, "इतक्यात नको. थांब जरा."