वर्गणी भरपूर, जामीनदार नाही

मॅजिस्ट्रेट साहेबांनी माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं.

"वकीलसाहेब, यात काय आहे?"

"रोख रक्कम, सर. आरोपीच्या बेलसाठी लोकांनी जमवलेली."

"रोख नको. ऐपतदार जामीनदार आणा. कोर्ट उठेपर्यंत वेळ आहे."

आरोपी म्हणजे पांडुरंग मास्तर. बऱ्हाणपुरात शनवाऱ्याजवळच्या एका खाजगी शाळेत गणित शिकवायचे. तेव्हा भाषेप्रमाणे राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या जात होत्या. बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहावं की मराठी मुलखात जावं, यावर पानाच्या दुकानापासून देवळाच्या पायरीपर्यंत वाद चालायचे. शहरात १४४ कलम लागलं होतं, म्हणजे जमाव करायला बंदी. घटनेने दिलेला बोलण्याचा हक्क एका हुकमाने काही दिवस निजवून ठेवता येतो, हे मला धंद्यामुळे ठाऊक होतं. मास्तरांना नव्हतं. त्यांनी बुधवाऱ्याच्या बाजारात खोक्यावर उभं राहून, बऱ्हाणपूर मराठी मुलखात गेलंच पाहिजे, असं भाषण ठोकलं. टाळ्या भरपूर पडल्या. पोलीस आले तेव्हा खोक्यावर मास्तर होते आणि समोर कोणी नव्हतं.

गुन्हा किरकोळ होता, बेल मिळणारच होती. अडचण जामीनदाराची. ज्याच्या नावावर घर किंवा शेत आहे त्याने कोर्टात येऊन सही करायची, की हा माणूस पळाला तर पैसे माझ्याकडून वसूल करा. त्याऐवजी रोख ठेवता येते, पण ती कोर्टाची मर्जी. ती मर्जी त्या दिवशी नव्हती. आणि शाळेच्या सेक्रेटरींचा निरोप आला होता: उद्या मास्तर वर्गावर दिसले नाहीत तर दुसरा मास्तर ठेवू. घरात तीन मुलं, पगार एकच.

मी व्हरांड्यात आलो. पाठीराख्यांची गर्दी होती. बहादरपूरचे नामदेव पाटील पुढे आले. पिशवी त्यांनीच फिरवली होती.

"पैशाचं सांगा वकीलसाहेब. अजून आणतो ना."

"पैसे नकोत पाटील, सही पाहिजे. तुमची एवढी बागायत आहे."

"सही?" पाटलांनी उपरण्याने मान पुसली. "असं आहे साहेब, माझी केळी रेल्वेच्या वॅगननं जाते. वॅगन सरकारच्या हातात. कागदावर नाव चढलं का मग आपला नंबरच लागत नाही."

दुसऱ्याच्या मुलाचा सरकारी नोकरीचा अर्ज गेलेला. तिसऱ्याला रॉकेलचं लायसन्स हवं होतं. चौथा पाणी प्यायला गेला तो गेलाच. पिशवीत पावल्या-अधेल्या टाकताना एकानेही हात आखडला नव्हता, कारण टाकणाऱ्याचं नाव कोणी विचारत नव्हतं. मला त्या लोकांचा फार राग आला. पण राग हा काही कोर्टात दाखल करता येत नाही.

तेवढ्यात शंकरलाल शेठ आले. बुधवाऱ्यातले कापडाचे व्यापारी. मास्तरांच्या मागणीचे कट्टर विरोधक. सभांमुळे त्यांचं दुकान दोनदा बंद ठेवावं लागलं होतं.

"वकील साब, जमानत मैं देता हूँ. मकान मेरे नाम पे है."

"आप?"

"हाँ, मैं. मास्तर अंदर रहेगा तो नेता बन जाएगा. उसके नाम पे पूरा बाजार बंद कराएँगे. उसको घर भेजो. घर में रहेगा तो मास्तर ही रहेगा."

इतकं सरळ राजकारण मी पुढाऱ्यांच्या तोंडूनही ऐकलं नाही.

अशिलापासून लपवायचं नाही, हा माझा नियम. कोठडीपाशी जाऊन मास्तरांना सगळं सांगितलं, शेठजींच्या हिशेबासकट.

"त्यांच्या सहीवर सुटलो तर लोक म्हणतील, मास्तर विकला गेला."

"म्हणतील," मी म्हणालो.

"मग मी आतच बरा."

त्यांची बायको सुशीलाबाई गजांना धरून उभ्या होत्या. "लोकांचं मले नका सांगू. सकाळपासून त्या व्हरांड्यात लोकायलेच पाहून राहिली मी. सही म्हटली का जो तो आपले जोडे शोधतो. तुम्ही इथं बसान, अन् मी पोरायले काय खाऊ घालू?"

मास्तरांनी खाली ठेवलेली टोपी उचलून डोक्यावर घातली. मग म्हणाले, "बोलवा शेठजींना."

कोर्ट उठायच्या आत काम झालं. बाहेर शेठजींनी हात जोडले. "मास्तरजी, भाषण अच्छा था. बात गलत थी." मास्तरांनीही नमस्कार केला, पण वर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर वर्गावर हजर होते. नोकरी वाचली. शेठने मास्तर विकत घेतला, ही बातमी मात्र त्यांच्याआधी शाळेत पोचली होती. पुन्हा त्यांना कोणी भाषणाला बोलावलं नाही. बऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहिलं. खटल्यात थोडा दंड झाला, तो मास्तरांनी पगारातून भरला. पिशवीला हात लावायला ते तयार नव्हते.

नंतर वकिलीत एक सवय लागली. कोणी हक्काची लढाई घेऊन आला की कलमं काढण्याआधी मी विचारतो, तुमच्यासाठी सही कोण करेल? बहुतेक जण मित्रांची नावं सांगतात. मी म्हणतो, आधी त्यांना विचारून या.

राहिली ती पिशवी. पाटील घेईनात, म्हणून मी सांगून ठेवलं की ज्याने त्याने आपले पैसे घेऊन जावे. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या ऑफिसात बसायला जागा उरली नाही. प्रत्येकाने स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि आडनाव खणखणीत आवाजात सांगितलं. पिशवी रिकामी झाली तरी माणसं येतच होती.