आत्याचं पिवळं कार्ड

आमच्या घरात सगळ्यात जास्त साबण आत्याला लागायचा. लाल रंगाचा, औषधी वासाचा. तो न्हाणीघरात वेगळ्या डबीत असायचा आणि दुसरं कुणी त्याला हात लावत नसे. ही वेगळी डबी आईने ठेवली होती, पण त्याबद्दल घरात कधी कुणी बोललं नाही. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. दिल्लीत रिजच्या टेकडीवरच्या एका सरकारी दवाखान्यात ती आया होती. रोग्यांना भांडं द्यायचं, काढायचं, त्यांचं अंग पुसायचं, कूस बदलून द्यायची, आणि कुणी गेलंच तर धुऊनपुसून नातेवाइकांच्या स्वाधीन करायचं, हे तिचं काम. बाबा मात्र लोकांत सांगायचे, "आमची ताई सिस्टर आहे." बाबा हे सांगत असले की आत्या कपातल्या चहाकडे बघत बसायची.

ती विदर्भातून दिल्लीत आली तेव्हा विधवा होऊन दोन वर्षं झाली होती. आधी ती आली, मग तिला दीड खोलीचं क्वार्टर मिळालं, मग तिने धाकट्या भावाला बोलावून घेतलं. बाबांनी तिच्या खाटेवर बसून अभ्यास केला, परीक्षा दिल्या, मंत्रालयात कारकून झाले, पुढे अधिकारी झाले. ती रात्रपाळी करायची म्हणून खाट रात्री मोकळी असायची. हे बाबा अभिमानाने सांगायचे, खाटेच्या सोयीबद्दल.

पुढे यमुनेपलीकडे, जमनापार मयूर विहारात आमच्याकडची बरीच बौद्ध कुटुंबं राहायला आली. सगळी सरकारी नोकरीतली, सहकारी सोसायट्यांमध्ये फ्लॅट घेतलेली. तोवर आत्याच्याच क्वार्टरमध्ये राहणारे आम्हीही तिथे भाड्याने राहायला गेलो, आत्या क्वार्टरमध्येच राहिली. दर रविवारी कुणाच्या तरी घरी वंदना व्हायची, मग पोहे, मग एखादे काका समतेवर बोलायचे. या कुटुंबांतलं एकही घर असं नव्हतं, जिथून आत्याला बोलावणं आलं नसेल. कुणाची सासू अंथरुणाला खिळलेली, कुणाच्या वडिलांना पाठीवर जखमा झालेल्या, परीक्षेची तयारी करायला गावाकडून आलेला कुणी विद्यार्थी काविळीने आडवा पडलेला. "ताई, जरा येऊन जाता का?" या 'जरा'त तीन-तीन महिने जायचे. ड्यूटी संपवून ती दोन बसेस बदलून यायची आणि लोकांच्या आईबापांचं ते सगळं करायची, जे त्यांची मुलं नाक दाबून दारातून बघत उभी असायची.

आणि याच बायका रविवारी तिला स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नसत. कुणी तोंडावर काही म्हणत नसे. "ताई, तुम्ही बसा, दमला असाल," एवढंच. पुऱ्या लाटायला सगळ्या जणी, मी चौदा वर्षांची सुद्धा, आणि आत्या बाहेर खुर्चीवर. आमच्या आज्यांना पाणी वरून ओतून मिळायचं, या गोष्टी त्याच हॉलमध्ये डोळ्यांत पाणी आणून सांगितल्या जायच्या. मला त्या बायकांची शिसारी आली होती. त्यांच्या गोड आवाजाची तर जास्तच. पण त्याच आठवड्यात आत्याने वरणभाताचा घास कालवून माझ्यापुढे धरला, तेव्हा मी पोट भरलंय म्हणून तोंड फिरवलं होतं. हे मी सोयिस्करपणे विसरून गेले, ते पुष्कळ वर्षं आठवलं नाही.

नव्वदनंतर दिल्लीच्या बाहेर पैशाचं वारं सुटलं. मी एका परदेशी कंपनीच्या गुडगावातल्या ऑफिसात लागले. नवरा नव्हता, पगार होता, आणि बँका बोलावून बोलावून कर्ज देत होत्या. शेतात उगवलेल्या एका टॉवरमध्ये मी अकराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. खाली संगमरवरी लॉबी, फाटकाबाहेर उघडं गटार आणि त्यात लोळणारी डुकरं. वीज जनरेटरची, पाणी टँकरचं, आणि सोसायटीचं नाव कुठल्याशा युरोपातल्या गावाचं. आम्ही सगळे त्या नावाचा उच्चार शिकलो.

बाबांनी मुदतीच्या काही वर्षं आधीच निवृत्ती घेतली होती, आई आणि ते माझ्याकडे आले. त्याच वर्षी आत्याही निवृत्त झाली आणि तिला क्वार्टर सोडावं लागलं. ती आमच्याकडे येणार हे गृहीतच होतं. "ती माझ्याजवळच राहणार, दुसरीकडे जाईल कुठे?" असं बाबा वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आले होते. फ्लॅटला तीन बेडरूम होत्या. एक माझी, एक आईबाबांची, तिसरी पाहुण्यांची. त्या तिसरीत कॉम्प्युटर आणि एक नवा पलंग होता, आणि वर्षातून दोनदा पाहुणे यायचे.

शिवाय स्वयंपाकघरामागे कपडे वाळत घालायच्या बाल्कनीतून उघडणारी एक खोली होती. बिल्डरच्या नकाशात ती सर्व्हंट रूम होती. एक खाट मावेल एवढी, वर हातभर झरोका, शेजारी देशी संडास, आणि एक दार थेट मागच्या लिफ्टकडे, जिथून कचऱ्याचे डबे जायचे. आम्ही तिला मागची खोली म्हणू लागलो. "ताईंना कमोड नाही आवडत," आई म्हणाली. आत्याचे गुडघे तेव्हाच गेलेले होते. कमोड आवडत नाही असं ती कधी बोलल्याचं मला आठवत नाही, आणि मी विचारलंही नाही. ती आली, खोली बघितली, झरोक्यातून हवा येते म्हणाली आणि ट्रंक खाटेखाली सरकवली.

मग ते कार्ड. सोसायटीने नियम काढला की पासाशिवाय कुणाला आत सोडायचं नाही. घरच्यांसाठी एक फॉर्म होता, त्यात नवराबायको, मुलं आणि आईवडील एवढेच रकाने. आणखी कुणी असेल तर कमिटीपुढे अर्ज, नात्याचा पुरावा, मग बैठक, मग मंजुरी. घरकामवाल्यांचा फॉर्म मात्र सोपा होता, दोन फोटो आणि मालकाची सही. पस्तीस वर्षं फायली हलवलेल्या माणसाने सोपा फॉर्म भरला. "तात्पुरतं आहे, जाण्यायेण्याची सोय," बाबा म्हणाले. कामाच्या रकान्यात त्यांनी स्वच्छ सरकारी अक्षरात 'आया' लिहिलं. तीस वर्षं लोकांत सिस्टर म्हणवलेल्या बहिणीला त्यांनी पहिल्यांदाच खरं नाव दिलं, तेही आमच्या घरची आया म्हणून. मालक मी होते. ऑफिसला उशीर होत होता, मी उभ्याउभ्या सही केली. चार दिवसांनी प्लास्टिकमध्ये घातलेलं पिवळं कार्ड आलं आणि आत्याने ते पर्समध्ये ठेवलं. तिने ते वाचलं होतं. हिंदी तिला आमच्यापेक्षा चांगलं येत होतं.

तात्पुरतं ते दोन वर्षं चाललं. नवव्या मजल्यावरच्या बाईंची सासू पडून होती. त्यांनी एकदा इंटरकॉमवर विचारलं की आपकी आया सुबह दो घंटे मिलेगी क्या. फोन मी घेतला होता. "वो मेरी बुआ हैं," एवढंच म्हणायचं होतं. त्या बाई माझ्याच क्षेत्रातल्या एका मोठ्या माणसाची बायको होत्या. मी म्हणाले, "पूछकर बताती हूँ." आत्याने एवढंच विचारलं, म्हाताऱ्या बाईंना जखमा झाल्यात का? झाल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून ती जायला लागली. त्या घरून निघताना तिला एखादं फळ, जुनी चादर, उरलेला केक मिळायचा. तो केक ती आमच्या डायनिंग टेबलवर आणून ठेवायची आणि आम्ही खायचो.

एका शनिवारी सकाळी मी बाजारातून गाडीने परत येत होते. फाटकाशी आत्या बाहेर निघाली होती. रविवारच्या वंदनेसाठी एक दिवस आधी मयूर विहारला जायची तिची पद्धत होती. कामवाल्या बायका आत-बाहेर करताना त्यांच्या पिशव्या तपासायचा नवा नियम झाला होता. गार्डने तिच्या पिशवीतून स्टीलचा डबा काढला, उघडून वास घेतला, मग पातळ काढून झटकलं, मग आतला झंपर काढला. मागे दोन ड्रायव्हर हसत उभे होते. माझी गाडी तिच्यापासून दहा पावलांवर होती. मी खाली उतरू शकत होते, नुसती हाक मारू शकत होते. माझ्या मागून कुणीतरी हॉर्न दिला. मी काच वर केली आणि अडथळा उचलला गेल्यावर आत गेले. आत्याने वळून गाडीकडे बघितलं. नंबर तिला पाठ होता.

सोमवारी ती परतली नाही. तिचा फोन आला की मयूर विहारात परीक्षेवाल्या चार मुलींनी फ्लॅट घेतलाय, त्यांच्याबरोबर राहते, त्यांच्यासाठी स्वयंपाक करते. ट्रंक कुणाबरोबर तरी पाठवून दे. बाबा चिडले. लोक काय म्हणतील, बहिणीला म्हातारपणी भाकऱ्या बडवायला लावल्या म्हणतील. लोक काही म्हणाले नाहीत. लोकांना ती जवळ आल्याचा आनंदच झाला. मी ट्रंक द्यायला गेले तेव्हा त्या मुली ओट्याशी तिच्या दोन्ही बाजूंना उभ्या होत्या, आणि एकीला ती तव्यावरची गरम भाकरी हाताने मोडून तोंडात देत होती. ती मुलगी पुस्तकातून डोळे न काढता खात होती. मला बसायला सांगितलं, मी चहा घेतला आणि निघाले.

दोन वर्षांनी बाबांचं एक अंग लुळं पडलं. बोलणं गेलं, सगळं अंथरुणात. आम्ही एजन्सीकडून माणसं आणली, एक पंधरा दिवसांनी पळाला, दुसरा मोबाइलवर बोलत बाबांना खसाखसा पुसायचा आणि बाबा आवाज न करता रडायचे. आईला उलट्या व्हायच्या. मला जमेना. खरं सांगायचं तर मला वास सहन होईना. माझ्याच बापाचा. दारात नाक दाबून उभी असलेली मुलगी आता मी होते.

मी मयूर विहारला गेले. काय बोलायचं ते गाडीत घोकलं होतं, माफीसुद्धा होती त्यात. आत्याने बोलूच दिलं नाही.

"पाठ फुटली का त्याची?" तिने विचारलं.

हो म्हणाले. तिने मुलींना दुपारचा भात लावायला सांगितला, कपाटातून एक जुनं सुती पातळ काढून त्याचे चौकोनी तुकडे फाडले, पिशवीत भरले आणि माझ्याआधी जिना उतरली. वाटेत मी म्हणाले की आता तू पाहुण्यांच्या खोलीत राहायचं, मी पलंग बदललाय. ती म्हणाली की मुलींच्या परीक्षा तोंडावर आहेत, सकाळी येऊन दुपारी परत जाईन.

फाटकाशी गार्ड नवा होता. त्याने गाडीची काच खाली करायला लावली आणि मागे बसलेल्या आत्याकडे बघून विचारलं, कौन हैं, किसके यहाँ. आत्याने पर्समधून पिवळं कार्ड काढलं. मुदत संपलेली होती. त्याने ते उलटसुलट करून बघितलं आणि रजिस्टरमध्ये लिहावं लागेल म्हणाला. आत्या गाडीतून उतरली. या वेळी मीही उतरले. मागे गाड्यांची रांग लागली होती, नवव्या मजल्यावरच्या बाई त्यांतल्याच एकीत होत्या. मी मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ये मेरी बुआ हैं. घर की हैं. इनको एंट्री-वेंट्री की ज़रूरत नहीं."

गार्डने गोंधळून तिच्याकडे बघितलं, मग कार्डावरच्या शब्दाकडे.

"मैडम अच्छी हैं," आत्या त्याला समजावत म्हणाली, "सबको घर का ही बोलती हैं. लिख लो, काम पे आई हूँ."

तिने रजिस्टरमध्ये सही केली. मग त्याने मागायच्या आधीच पिशवीचं तोंड उघडलं आणि ती त्याच्यासमोर धरली.