डब्याचं काम उघडं आहे

डिझेलच्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीला ऑइल कॅच कॅन बसवायला किती वेळ लागतो, असं कुणी विचारलं तर मी उत्तर द्यायचं टाळते. लखनौच्या लालबागमधला मोटार पार्ट्सचा दुकानदार म्हणाला होता की एका दुपारचं काम आहे. त्याच्या घरी माझे सासरे राहत नव्हते.

सुरुवात नवऱ्याने केली. तो नोकरीसाठी गुवाहाटीला, मी माझ्या सरकारी नोकरीमुळे लखनौला, आणि त्याने हौसेने घेतलेली ही धिप्पाड गाडी माझ्या गळ्यात. सर्व्हिसिंगच्या वेळी इंजिनाकडे हवा नेणाऱ्या पाइपात तेल सापडलं. त्याने फोनवर मला समजावलं की इंजिनाच्या पोटातून जी वाफ बाहेर पडते तिच्यात तेलाचे कण असतात, आणि ती वाफ पुन्हा इंजिनाच्याच नाकात सोडलेली असते, म्हणून आतले पाइप तेलकट होतात. मधे एक डबा लावला की तेल त्यात साचतं. अधूनमधून तो रिकामा करायचा, बस. त्याने डबा ऑनलाइन मागवला, पत्ता माझा दिला आणि मोकळा झाला. उंटावरून शेळ्या कशा हाकाव्यात हे या माणसाकडून शिकावं.

पार्सल आलं तेव्हा सासरे आमच्याकडेच होते. थंडीत भुसावळच्या घरी ते न्हाणीघरात घसरून पडले आणि दुसऱ्या दिवशी कामवाली येऊन दार फोडून घेईपर्यंत तसेच फरशीवर पडून राहिले. सासूबाई गेल्यापासून त्या घरात दुसरं कुणी नाही. नवरा जाऊन त्यांना लखनौला घेऊन आला. पाय बरा होताच त्यांनी परतीची भाषा सुरू केली. इथेच राहा म्हणून आम्ही विनवलं, रुसलो, एकदा भांडलोसुद्धा. पण त्यांचा सगळा जन्म रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये कारागिरांवरचा चार्जमन म्हणून गेलेला, आणि शेडचा नियम असा की ज्याचं काम नाही त्याने तिथे उभं राहायचं नाही. सुनेच्या घरी नुसतं बसून जेवणं त्यांना अपमानाचं वाटत होतं. शेडचा दुसरा नियम असा की हातात घेतलेलं काम उघडं टाकून घरी जायचं नाही. डबा उलटसुलट पाहून ते म्हणाले, "एवढं लावून देतो, मग जातो." तेवढेच चार दिवस राहतील म्हणून मीही हो म्हटलं.

पहिल्यांदा त्यांनी डबा उघडला. आत काहीच नव्हतं. नुसत्या रिकाम्या डब्यात वाफ या तोंडातून शिरेल आणि त्या तोंडातून निघून जाईल, तेल कशाला थांबेल, असा त्यांचा सवाल होता. उत्तर म्हणून माझ्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या नव्या तारेच्या घासण्या डब्यात गेल्या. मी नव्या आणल्या. त्याही गेल्या, कारण पहिल्या चुंबकाला चिकटत होत्या, म्हणजे गंजणार होत्या. माझी कढई मी राखेने घासावी अशी त्यांची अपेक्षा असावी.

मग इंजिनाने सोडलेला श्वास इंजिनालाच परत पाजायचा, हे त्यांना पटेना. रेल्वेच्या इंजिनात ही वाफ पंख्याने ओढून छपरातून बाहेर टाकतात म्हणे. त्यांनी हवेच्या पाइपाचं भोक बंद केलं आणि डब्याचं दुसरं तोंड बॉनेटखाली मोकळं सोडलं. रेल्वेच्या इंजिनात मशीन एका खोलीत आणि ड्रायव्हर दुसऱ्या खोलीत असतो, एवढीच गोष्ट ते विसरले. दुसऱ्या दिवशी मी मुलीला कॉलेजला सोडायला निघाले. एसी लावला आणि जळक्या तेलाचा भपकारा तोंडावर आला. आमची मुलगी मराठी सगळं समजते पण बोलते हिंदीतच. ती नाकाला ओढणी लावून म्हणाली, "मम्मी, पकौड़े तल रही हो क्या?" ऑफिसच्या मीटिंगमध्ये साहेबांना वायर जळल्याचा वास आला आणि त्यांनी इलेक्ट्रिशियनला बोलावून खोलीतले सगळे स्विच उघडायला लावले. मी पदर आवरून खुर्ची मागे सरकवली. वास माझ्या साडीला येत होता.

घरी आल्यावर मी वासाची बातमी दिली तर त्यांनी बॉनेटमध्ये डोकं घालून बराच वेळ हुंगलं आणि रेल्वेच्या लोकोत असं होत नाही, एवढंच म्हणाले. मग सगळं उलट केलं. त्यात लक्षात आलं की दुकानदाराने दिलेला रबरी पाइप पाण्याचा आहे, तेलाने तो फुगेल. मी लालबागला गेले. नवा पाइप आणला तर त्याचा व्यास वेगळा निघाला. मी पुन्हा लालबागला गेले. डब्याबरोबर आलेली पत्र्याची पट्टी त्यांनी बोटांनी वाकवून दाखवली आणि चारबाग स्टेशनच्या बाजूला एका वेल्डिंगवाल्याकडून जाड लोखंडी पट्टी बनवून आणली. तिच्यावर डबाच काय, मलाही बसवता आलं असतं. ती लावली आणि बॉनेट बंद होईना.

या सगळ्या काळात गाडी आमच्या क्वार्टरसमोर तोंड वासून उभी आणि मी ऑटोत. छावणीच्या शांत रस्त्यावर सकाळी ऑटो मिळत नाही, आणि मिळाली तर ड्रायव्हर आधी आमच्या गाडीकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो, मग भाडं सांगतो. सासऱ्यांना बोलायची सोय नाही, म्हणून मी नवऱ्याला फोन करायचे. तुझे बाबा आणि तुझा डबा दोन्ही गुवाहाटीला घेऊन जा, असं मी त्याला किती वेळा ऐकवलं असेल. तो हसायचा. मला हसू येत नव्हतं. मी खरोखर वैतागले होते, आणि त्यात माझं काही चुकत होतं असं मला अजूनही वाटत नाही.

शेवटी एका रविवारी बॉनेट बंद झालं. पाइप बरोबर बसले, प्रत्येक क्लॅम्पला बारीक तारेचा पीळ पडला, कारण थरथरीने स्क्रू सैल होतात. आम्ही दोघं अमौसीला विमानतळापर्यंत जाऊन आलो. वास नाही, आवाज नाही. परतल्यावर त्यांनी एकेका जोडावरून बोट फिरवलं. सगळं कोरडं. त्यांनी साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, पुसले आणि म्हणाले, "झालं. आता माझं तिकीट काढ."

या वाक्याची मी किती वाट पाहिली होती, पण आता मोबाइल हातात घेववेना. भुसावळच्या न्हाणीघराची फरशी मी पाहिलेली आहे. तिथून घराचं दार दूर आहे, आणि दाराला आतून कडी असते. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, तू थांबवून बघ ना. काय सांगून थांबवणार? प्रेमाचं सांगून झालं होतं, तब्येतीचं सांगून झालं होतं, नातीचं सांगून झालं होतं. प्रत्येक वेळी त्यांनी मान हलवून शांतपणे ऐकून घेतलं होतं आणि आपल्या मनासारखंच करायचं ठरवलं होतं. तिकीट बघते असं मी त्यांना म्हणाले आणि बघितलं नाही.

सकाळी मी ऑफिसला निघाले तेव्हा त्यांची बॅग दिवाणखान्यात कोपऱ्यात उभी होती. चारबागच्या आरक्षण खिडकीवर आपणच जातो, असं ते म्हणाले. तुझ्या मोबाइलला जमत नसेल तर. त्यांनी बूट घातलेले होते. मी खाली आले, गाडीत बसले, किल्ली फिरवली. इंजिन सुरेख सुरू झालं. मी ते बंद केलं, उतरून बॉनेट उघडलं आणि हाक मारली.

"बाबा, जरा बघता का? या खालच्या जोडाशी तेल आल्यासारखं दिसतंय."

ते आले. चष्मा लावून वाकले. मी दाखवलेल्या जागी त्यांनी पूर्ण गोल बोट फिरवलं आणि ते उजेडात धरलं. बोट कोरडं होतं. ते मलाही दिसत होतं. त्यांनी बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी नजर काढून घेतली नाही.

"हं," ते म्हणाले. "सगळं उघडावं लागेल." आणि खाली बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागले. "तू ऑटोने जा."

मी किल्ली त्यांच्याजवळ ठेवली आणि रस्त्यावर जाऊन उभी राहिले.