तीन पंगती आणि एक कंबर

सन २०२३. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होतो आणि माझ्या कमरेला काहीही झालेलं नव्हतं. फक्त बसलो की उठता येत नव्हतं, आणि उठलो की बसता येत नव्हतं.

झालं असं, की शेजारच्या गुप्ताजींची जुनी स्कूटर चालू होईना. ही आजकालची बटणं दाबणारी माणसं! मी म्हटलं, "हटो, गुप्ताजी." आणि अशी किक मारली, की किक उलटी फिरली, स्कूटर जागच्या जागी आणि मी नालीच्या पलीकडे! डॉक्टर म्हणाला, हाड शाबूत आहे. (असणारच! आमचे पूर्वज दक्षिणेतून घोड्यावर बसून ग्वाल्हेरला आले.) पण कमरेतली गादी सरकली, खुब्याला मार बसला. पट्टा बांधा, मांडी घालू नका, जिना चढू नका.

जिन्याचं ऐकून सूनबाईंचे डोळे चमकले. माझी खोली वरच्या मजल्यावर. पाटणकर बाजाराकडची खिडकी, माझा रेडिओ, माझं राज्य! त्यांना मला खाली आणायचं होतं, टीव्हीच्या शेजारच्या खोलीत. म्हणजे पडलो तर दिसेन म्हणे!

"मला काही होत नाही," मी म्हटलं.

"नाना, उगाच जिद्द नका करू," मुलगा सुधीर म्हणाला. "रविवारी बारशाला पाटावर बसून जेवा, आणि कुणाचा हात न धरता उठून दाखवा. उठलात तर वरची खोली तुमची. नाही तर खाट खाली."

"मंजूर!"

बारसं माझ्या पणतूचं, दत्ताच्या देवळामागच्या हॉलमध्ये. म्हाताऱ्यांसाठी टेबल-खुर्च्या मांडल्या होत्या. मी तिकडे ढुंकूनही न पाहता पाटावर बसलो. (बसलो कसला, कोसळलो. पण रुबाबात!) ते पाहून माझे व्याही, म्हणजे सूनबाईंचे वडील भाऊसाहेब, खुर्ची सोडून माझ्या समोरच्या ओळीत पाटावर आले. माणूस ऐंशीचा, पण मी पाटावर आणि ते खुर्चीवर, हे त्यांना कसं खपणार?

पंगत उठली. मी उठायला गेलो, आणि अशी कळ आली की डोळ्यांपुढे अख्खा किल्ला गरगर फिरला. सुधीर दारातून टक लावून बघत होता.

"नाना, उठताय ना?"

"उठतो कशाला? पोट कुठे भरलंय!"

दुसरी पंगत बसली. आता पंगतीतून मधेच उठणं म्हणजे अन्नाचा अपमान. मी पुन्हा श्रीखंड घेतलं. समोर बघतो, तर भाऊसाहेबही हललेले नाहीत! त्यांनी एक पुरी मागितली. मी दोन. त्यांनी जिलबी. मी जिलबी आणि वर मठ्ठा! वाढपी ओरडला, "अरे, इधर आओ, दोन्ही आजोबांची शर्त लागलीय!" तिसरी पंगत तर जेवायला कमी आणि आम्हाला बघायला जास्त बसली. माझा पट्टा आता कंबर सोडून श्रीखंड आवळत होता.

सूनबाई धावत आल्या. "बाबा, तुम्हाला शुगर आहे! बस करा!"

"आधी तुझ्या सासऱ्यांना थांबव," भाऊसाहेब म्हणाले.

एकदाची तिसरी पंगतही उठली. लोक हात धुवायला गेले. भाऊसाहेब हळूच पुढे वाकले.

"नानासाहेब, उठता येतंय का?"

"न यायला काय झालं? तुम्हाला?"

"गुडघा. पहिल्या पंगतीपासून अडकलोय."

मी इकडेतिकडे पाहिलं. "कंबर. त्याच्याही आधीपासून."

दोघंही पाटासकट सरकत मधल्या वाटेत आलो, एकमेकांचे पंजे धरले, "हर हर महादेव" म्हटलं आणि ओढलं! उठलो ते थेट एकमेकांच्या छातीवर आदळलो. लोकांना वाटलं, व्याही-व्याही गळ्यात पडले. टाळ्या! सूनबाईंनी तर डोळ्यांना पदर लावला.

"नाना, हात धरलात!" सुधीर ओरडला.

"हात कसला? गळाभेट होती!"

"राहू द्या हो," सूनबाई हुंदका देत म्हणाल्या. "वरची खोली त्यांचीच."

जिंकलो! घरी आलो आणि त्याच ताठ्यात कठडा न धरता जिना चढलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडले, तर मानेखालचं काहीच माझं ऐकेना. मी सुधीरला हाक मारली आणि ठणकावून सांगितलं, "या खोलीत ऊन फार येतं. मी खाली राहणार. माझी मर्जी!"

गल्लीत लोक अजून म्हणतात, नानांना खाली आणलं. साफ खोटं! मला कुणीही आणलेलं नाही. चौघांनी फक्त खाट खाली आणली. मी तिच्यावर होतो, इतकंच!